संशयाची जात

(वर्धा जिल्ह्यातल्या तरुणांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. छापताना बोलण्याचा घाट तसाच ठेवला आहे.)



मला विषय दिलाय ‘पोलीस आणि ओळखपत्र’. सोपा प्रश्न विचारतो. आत्ता तुमच्यापैकी किती जणांच्या खिशात आधार कार्ड आहे? बघा, सगळेच हात वर. आता दुसरा प्रश्न. का ठेवता? कायदा आहे म्हणून? तसा कायदा नाही. गाडी चालवत असाल तर लायसन दाखवा, रेल्वेत बसला असाल तर तिकीट दाखवा. पण रस्त्यानं चालणाऱ्या भारतीय माणसानं ओळखपत्र जवळ बाळगलंच पाहिजे, असा सर्वसाधारण कायदा या देशात नाही. तरी आपण बाळगतो. भीतीनं बाळगतो.

आणि ज्याला भीती नाही तो बाळगत नाही. सिव्हिल लाइनमधला साहेब पहाटे फिरायला निघतो, अंगात बनियन, हातात काठी, खिसाच नाही तर कार्ड कुठलं? त्याला कुणी थांबवत नाही. त्याच वेळी पारधी बेड्यावरचा माणूस हातात काठी घेऊन निघाला की गाडी थांबते. ‘काऊन बे, कुठला हायस तू? कुठं चालला?’ काठी तीच, वेळ तीच, रस्ताही तोच. फरक माणसात आहे. म्हणजे तपासणी कागदाची नाही, माणसाची आहे. कागद नंतर मागतात. माणूस आधी ठरलेला असतो.

कायद्याच्या पुस्तकात याला विवेकाधीन अधिकार म्हणतात. आपण साध्या भाषेत मर्जी म्हणू. पोलिसाला मर्जी लागते हे मी मानतो. प्रत्येक गोष्ट पुस्तकात लिहून ठेवता येत नाही. रात्री कुणाच्या घरात शिरणारा माणूस दिसला तर शिपाई न्यायाधीशाची परवानगी आणायला जाणार नाही. कायदा म्हणतो, ‘वाजवी संशय’ असेल तर वॉरंटाशिवाय धरा. पूर्वी फौजदारी संहितेत ४१ वं कलम होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेत ३५ वं आहे. शब्द आहे वाजवी. आता वाजवी कुणी ठरवायचं? ज्याच्या डोक्यात संशय आहे त्यानंच. आणि त्याच्या डोक्यात काय आहे? जे गावाच्या डोक्यात आहे तेच. गावानं हजार वर्षं सांगितलंय कोण चोर, कोण साव, कोण घाण, कोण परका. खाकी घातली म्हणून डोकं बदलत नाही. आपलाच एखादा पोरगा शिपाई होतो, सहा महिन्यांत तोही बेड्याकडे त्याच नजरेनं बघायला लागतो. मी त्या एका पोराला शिव्या देत नाही. मी नजरेबद्दल बोलतोय. ती खुर्चीबरोबर मिळते.

एक नमुना ऐका. मुंबई पोलीस कायदा, १९५१. आज त्याला महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात. कलम १२२. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत संशयास्पद स्थितीत सापडणं हा गुन्हा. त्यात एक प्रकार असा की, ज्याची चोर म्हणून ख्याती आहे असा माणूस बाजारात, रस्त्यावर रेंगाळताना सापडला आणि त्याला समाधानकारक कारण सांगता आलं नाही. ख्याती! चोरी सिद्ध झालेली नाही, ख्याती आहे. ही ख्याती कोण देतं? ठाण्यातलं रजिस्टर देतं. रजिस्टरात नाव का? कारण मागं धरला होता. मागं का धरला होता? कारण ख्याती होती. आपलीच शेपटी धरून कुत्रं गोल फिरतं, तसा हा कायदा फिरतो. आणि ज्याच्याभोवती फिरतो तो माणूस बाहेर पडूच शकत नाही.

ही ख्याती कुठून सुरू झाली ते बघू. १८७१ साली इंग्रजानं गुन्हेगार जमाती कायदा केला. एखादी अख्खी जमात सरकारनं गुन्हेगार म्हणून जाहीर करायची. त्या जाहीरनाम्याला कोर्टात आव्हान द्यायचं नाही, हे कायद्यातच लिहिलेलं. जमातीतल्या माणसांची नोंद करायची, हजेरी घ्यायची, हद्द ठरवून द्यायची. हद्दीबाहेर जायचं तर पास. पासाशिवाय सापडला की अटक. आधी हा कायदा उत्तरेकडं लागू होता, नंतर बंगालात गेला. १९११ सालच्या कायद्यानं तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी झाला. आपला वर्धा तेव्हा मध्यप्रांतात. १९११ च्या कायद्यात आणखी एक भर: नोंदलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे केव्हाही घेण्याचा अधिकार.

आता आपण गांधींच्या जिल्ह्यात बसलोय, तर गांधींचंही सांगितलं पाहिजे. सेवाग्रामला पर्यटक येतात, कुटी बघतात, चरखा बघतात. त्यांना हे कुणी सांगत नाही. १९०६ साली ट्रान्सवाल सरकारनं हुकूम काढला की प्रत्येक हिंदी माणसानं नाव नोंदवायचं, ठसे द्यायचे, आणि पोलीस मागेल तिथं दाखला दाखवायचा. ११ सप्टेंबर १९०६ ला जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात सभा झाली. लोकांनी शपथ घेतली की हा कायदा मानणार नाही. गांधींची तक्रार काय होती? दहा बोटांचे ठसे कायद्यानं फक्त गुन्हेगारांचे घेतात, आम्ही काय गुन्हेगार आहोत? १६ ऑगस्ट १९०८ ला मशिदीच्या आवारात कढईत रॉकेल ओतून दोन हजारांवर दाखले जाळले. मोठीच गोष्ट होती. सत्याग्रह नावाचं हत्यार या ओळखपत्राविरुद्धच पहिल्यांदा उगारलं गेलं.

पण तीन वर्षांनी, १९११ साली, त्याच साम्राज्यानं इथं आपल्या देशात पारधी, कंजारभाट, कैकाडी यांच्यासारख्या जमातींचे ठसे घेण्याचा कायदा केला. त्यांच्यासाठी कुणी कढई पेटवली? ‘आम्ही काय गुन्हेगार आहोत?’ हा प्रश्न व्यापाऱ्यानं विचारला की तो राष्ट्राचा अपमान होतो. पारध्यानं विचारला तर? त्याला उत्तर आधीच छापून ठेवलेलं होतं: होय, आहेस, जन्मतः आहेस. ठशांचं हे शास्त्रसुद्धा इथलंच. १८९७ साली कलकत्त्यात ठशांचं पहिलं कार्यालय निघालं, अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या इथल्याच दोन माणसांनी त्याचं गणित बसवून दिलं, आणि तिथून ते लंडनला गेलं. जगाला ओळख पटवायची विद्या या देशानं दिली. इथल्या माणसाला मात्र अजून ओळख मिळाली नाही.

आता मित्रांनो, आपल्याला बोचणारी गोष्ट. १८७१ च्या कायद्यात अजून एक कलम आहे. नोंदलेल्या जमातीचा माणूस गाव सोडून गेला, हजेरीला आला नाही, तर ती खबर देण्याचं कर्तव्य गावच्या पाटलावर आणि गावच्या पहारेकऱ्यावर टाकलं. गावचा पहारेकरी म्हणजे कोण? आपल्याकडं कोतवाल. आणि कोतवाल कोण असायचा? बहुतेक गावांत आपलाच माणूस. महार. जो स्वतः गावकुसाबाहेर राहतो, त्याच्या हातात काठी दिली आणि सांगितलं, तुझ्याहून बाहेर जो आहे त्याच्यावर नजर ठेव. ही व्यवस्था किती हुशार आहे बघा. वर बसणाऱ्याला हात घाण करावे लागत नाहीत. खालच्याला त्याच्याही खालचा दाखवला की तो स्वतःला वरचा समजतो. बाबासाहेबांनी हिला चढत्या भाजणीची विषमता म्हटलं. या भाजणीत प्रत्येकाला लाथ मारायला खाली कुणीतरी मिळतं, म्हणून कुणी वर बघत नाही.

ती कोतवालकी आपण सोडली. १९५६ साली नागपुरात धम्म घेतला आणि गावकीची ओझी फेकली. पण नवी कोतवालकी दारात उभी आहे, तिच्याकडं मी शेवटी येतो.

बाबासाहेबांच्या आयुष्यातला एक प्रसंग तुम्ही वाचला असेल. १९०१ च्या सुमाराचा. साताऱ्याहून भावाबरोबर, भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला निघालेलं लहान पोरगं मसूर स्टेशनवर उतरतं. कपडे चांगले, टोप्या चांगल्या. स्टेशनमास्तर प्रेमानं चौकशी करतो. त्याला वाटतं ब्राह्मणाची पोरं. मग विचारतो, तुम्ही कोण? पोरगं खरं सांगतं, महार. मास्तरचा चेहरा फिरतो, तो मागं सरकतो. ही ओळखतपासणीच होती की नाही? तिकीट होतं, कपडे होते, सभ्य बोलणं होतं. सगळे कागद बरोबर, फक्त माणूस चूक. आणि रात्री टोलनाक्यावर पाणी मिळावं म्हणून त्यांनी मुसलमान असल्याचं सांगून पाहिलं, तरी पाणी मिळालं नाही. या आठवणी जिथं लिहिल्या त्या लेखाला बाबासाहेबांनी नाव काय दिलं? ‘व्हिसाच्या प्रतीक्षेत’. विचार करा. व्हिसा परदेशात जाणाऱ्याला लागतो. आपल्याच देशात जन्मलेला माणूस म्हणतो, मी अजून व्हिसाची वाट बघतोय. घुसखोर, परका, संशयित हे शब्द आज ऐकताना आपल्याला आपली आठवण आली नाही, तर आपण बाबासाहेब फक्त भिंतीवर लावलेत.

आता आपल्या जिल्ह्यात या. वर्धा जिल्हा दारूबंदीचा. बंदी कागदावर, दारू गावोगाव. पण ‘वॉश आऊट’ मोहीम निघते ती कुठं? पारधी बेड्यावर. मोहाचा सडवा सांडला, ड्रम फोडले, फोटो काढला, पेपरात बातमी. मी दारूचं समर्थन करत नाही. दारूनं आपल्या वस्त्या पोखरल्या आहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण बाहेरच्या जिल्ह्यातून मोटारींनी येणाऱ्या बाटल्या कुणाच्या बंगल्यावर उतरतात? तिथं वॉश आऊट का नाही? कारण बंगल्यावर संशय घ्यायला कारण लागतं. बेड्यावर संशय घ्यायला पत्ता पुरतो.

आणि कागदाचं बघा. पारध्याचं पोरगं तहसीलमध्ये जातीच्या दाखल्याला जातं. साहेब म्हणतो, ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा आण. कोतवाल बुकातली नोंद आण, शाळेचा दाखला आण, सातबारा आण. ज्याला कुठल्या गावानं राहू दिलं नाही, त्याची नोंद कुठल्या गावच्या कोतवाल बुकात असणार? ज्याचा बाप शाळेच्या पायरीवर चढला नाही, त्यानं दाखला कुठून आणावा? तहसील म्हणतं, तू कोण, आम्हाला माहीत नाही. बरं. मग त्याच आवारापलीकडं ठाणं आहे. तिथं जा. तिथं त्याचं नाव आहे, बापाचं नाव आहे, आज्याचं नाव आहे, उंची, रंग, डाव्या गालावरचा तीळ, सगळं आहे. एकच सरकार. डाव्या हाताला माणूस माहीत नाही, उजव्या हाताला तीन पिढ्या पाठ. हक्क द्यायचा असला की तू अनोळखी. धरायचा असला की ओळखीचा. मित्रांनो, या देशात गरिबाची ओळख अशी दोन रजिस्टरांत वाटलेली आहे.

आपलंही वेगळं नव्हतं. धम्म घेतला, अभिमानानं ‘बौद्ध’ लिहिलं, आणि केंद्राच्या सवलती गेल्या. त्या परत मिळायला १९९० साल उजाडलं. फॉर्मवर एक शब्द लिहिला म्हणून चौतीस वर्षं. कागदावरचा एक शब्द माणसाचं काय करतो, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

आता येतो आजच्या धुमाळीकडं. बांगलादेशी शोधा. टीव्ही लावा, तेच. मुंबईत शोधा, ठाण्यात शोधा, अकोल्यात, अमरावतीत शोधा. हे नवं नाही. १९९८ च्या जुलैमध्ये मुंबई पोलिसांनी बंगाली बोलणारे जरीकामगार बांगलादेशी म्हणून धरले आणि हावड्याच्या गाडीत घातले. मुंबईहून हावड्याची ती वाट आपल्या वर्ध्यावरूनच जाते. बंगालमध्ये उलुबेरिया स्टेशनवर लोकांनी गाडी अडवली आणि आपली माणसं उतरवून घेतली. सत्तावीस वर्षं गेली. २०२५ च्या जूनमध्ये पुन्हा तेच. मीरा रोडला गवंडीकाम करणारा मुर्शिदाबादचा मजूर, आणि त्याच्यासारखे आणखी काही, पश्चिम बंगालचे. धरले, सीमा सुरक्षा दलाच्या ताब्यात दिले आणि रात्रीच्या अंधारात सीमेपलीकडं बांगलादेशात ढकलले. घरच्यांनी कागद पाठवले होते, बंगालच्या बाजूनं खातरजमा झाली होती. नंतर त्यांना परत आणावं लागलं. म्हणजे ते भारतीयच होते. ज्यांच्यामागं सरकार उभं राहिलं ते परत आले. ज्यांच्यामागं कुणी नाही त्यांचं काय, हा प्रश्न मी तुमच्यापुढं ठेवतो.

त्यांना कशावरून धरलं? भाषेवरून, नावावरून, कामावरून, झोपडपट्टीच्या पत्त्यावरून. आता पारध्याची बोली ऐका. गुजरातीच्या अंगानं जाते. मराठी गावात ती कुणालाच कळत नाही, म्हणून ती चोरांची भाषा. बंगाली बोली ठाण्यातल्या माणसाला कळत नाही, म्हणून ती घुसखोराची भाषा. न कळणं हा ऐकणाऱ्याचा दोष. शिक्षा बोलणाऱ्याला.

कायदा काय म्हणतो? नेहमीच्या खटल्यात सरकारनं गुन्हा सिद्ध करायचा असतो. पण १९४६ चा परदेशी नागरिक कायदा उलटा होता. तू परदेशी आहेस असं सरकार म्हणालं की नाहीस हे सिद्ध करायचं ओझं तुझ्यावर. युद्धकाळातला इंग्रजी विचार, स्वतंत्र भारतानं तसाच ठेवला. २०२५ साली नवा कायदा आला, जुने चार कायदे मोडीत काढले, पण हे ओझं तिथंच ठेवलं. आणि सिद्ध करायचं कशानं? आधार? आधारच्या २०१६ च्या कायद्यातच लिहिलंय की तो नागरिकत्वाचा पुरावा नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टानं सांगितलं की नुसतं आधार, पॅन किंवा मतदार कार्ड असल्यानं माणूस नागरिक ठरत नाही. मग जन्माचा दाखला? १ जुलै १९८७ च्या आधी इथं जन्मलेल्याला जन्म पुरतो. त्यानंतर जन्मलेल्याला आईबापापैकी एकाचं नागरिकत्व दाखवावं लागतं. ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्याला तर दोघांचंही बघतात. म्हणजे पोराचा कागद बापाच्या कागदावर उभा. आणि बाप? बाप पालावर जन्मला. त्याची नोंद कुणी केली? उशिरा नोंद करायला जावं तर २०२५ च्या सुरुवातीला राज्य सरकारनं बांगलादेशींचा संशय म्हणून त्या नोंदींचं कामच थांबवलं, नंतर नियम आवळले. संशय एकावर, दरवाजा सगळ्यांना बंद. त्या दरवाजात सगळ्यात आधी चेंगरणार कोण? आसामात ३१ ऑगस्ट २०१९ ला नागरिकांची यादी लागली, १९ लाखांवर माणसं बाहेर राहिली. ३१ ऑगस्ट ही तारीख लक्षात ठेवा. १९५२ साली याच तारखेला गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला होता. एका ३१ ऑगस्टला माणसं यादीतून सुटली, दुसऱ्या ३१ ऑगस्टला यादीतून पडली. यादी करणारा हात बदलत नाही.

आता कुणी म्हणेल, बंगाल्यांचं आपल्याला काय? ते मुसलमान, ते परके. मी विचारतो, १९४६ साली बाबासाहेब घटना समितीवर कुठून निवडून गेले? मुंबईतून नाही. काँग्रेसनं मुंबईत दारं बंद केली होती. ते बंगालमधून गेले. जोगेंद्रनाथ मंडल आणि तिथले नामशूद्र, आपल्यासारखेच अस्पृश्य, त्यांनी पाठबळ उभं केलं. मग फाळणी झाली. ज्या मुलखानं घटनेच्या शिल्पकाराला घटना समितीत पाठवलं, तो मुलूख परदेश झाला. खुद्द मंडल पाकिस्तानचे कायदामंत्री झाले आणि १९५० साली राजीनामा देऊन भारतात आले. नामशूद्र निर्वासित झाले. त्यांना दंडकारण्यात आणून टाकलं. आपल्या शेजारच्या तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, आजच्या गडचिरोलीतल्या मुलचेरा, चामोर्शीकडं त्यांच्या वसाहती आहेत. दंडकारण्यातले काही १९७८ साली सुंदरबनात परत गेले, तर १९७९ साली मरिचझापीला त्यांची नाकेबंदी झाली, गोळीबार झाला. तेही ‘बेकायदा’ ठरले होते. तेव्हा बंगाली परका, असं म्हणताना जीभ जरा आवरा. आपल्या संविधानावर त्या परक्याच्या मतांची शाई आहे.

जगात दुसरीकडं काय चाललंय? अमेरिकेत लॉस एंजेलिसला २०२५ च्या उन्हाळ्यात सरकारी पथकं मजुरांना रस्त्यावर थांबवत होती. खालच्या कोर्टानं सांगितलं, नुसता वंश, स्पॅनिश भाषा किंवा बोलण्याची लकब, उभं राहण्याची जागा आणि कामाचा प्रकार, एवढ्यावरून कुणाला अडवू नका. ८ सप्टेंबर २०२५ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं ती बंदी उठवून धरली, खटला चालू असेपर्यंत. वंश, भाषा, जागा, काम. आपल्याकडं या चारांना एकच शब्द आहे: जात. म्हणून म्हणतो, हा प्रश्न समजून घ्यायला आपल्याला अमेरिकेची पुस्तकं लागत नाहीत. अमेरिकेला आपली पुस्तकं लागतील.

एक शंका तुमच्या मनात आहे, ती मीच बोलतो. खरोखरच कुणी बेकायदा आलेला असेल तर सरकारनं हात जोडून बसायचं का? नाही. प्रत्येक देशाला सीमा असते, कायदा असतो. पण आपलं म्हणणं तीन गोष्टींचं आहे. एक, संशयाला कारण पाहिजे, आणि ते आधी लिहिलेलं पाहिजे. दोन, निर्णय कोर्टासमोर झाला पाहिजे, रात्रीच्या गाडीत नाही. तीन, परका असला तरी तो माणूस आहे. संविधानाचं चौदावं आणि एकविसावं कलम फक्त नागरिकाबद्दल बोलत नाही, ‘व्यक्ती’ म्हणतं. तो शब्द तसाच तिथं पडलेला नाही.

आणि हे माझं एकट्याचं म्हणणं नाही. ११ जुलै २०२४ ला आसामच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सरकारनं वाटेल त्याचं दार ठोठवायचं आणि ‘तू परदेशी असल्याचा संशय आहे’ म्हणायचं, हे चालणार नाही. आधी काहीतरी आधार दाखवा, तो त्या माणसाला द्या, मग ओझ्याची भाषा करा. नावाच्या स्पेलिंगमधल्या फरकावरूनही कुणाला परका ठरवू नका. ७ मे २०२४ ला त्याच कोर्टानं पोलिसांच्या हिस्ट्रीशीटबद्दल बजावलं की मागास, दुबळ्या समाजातला आहे एवढ्यावरून निरपराध माणसाचं नाव यंत्रासारखं चढवू नका. ३ ऑक्टोबर २०२४ ला मुंबईच्या एका पत्रकार बाईच्या अर्जावर तुरुंगातली जातीवरची कामवाटणी घटनाबाह्य ठरवली, कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितला, आणि विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानी अटक होणार नाही हे पाहा, असं पोलिसांना बजावलं. हे निकाल चांगले आहेत. पण दिल्लीत सुटलेला निकाल बेड्यावर पोचायला पायी निघतो. वॉश आऊटची गाडी त्याच्या आधी पोचते. उलट २०२२ च्या कायद्यानं अटक झालेल्याचे ठसे, डोळ्यांच्या खुणा पंच्याहत्तर वर्षं ठेवायची सोय केली. पंच्याहत्तर वर्षं! बेड्यावरचा माणूस तेवढा जगतो का?

म्हणून तो निकाल पोचवायचं काम आपलं. ज्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्यांनी १९६६ साली ओकलंडमध्ये सुरुवातीचं काम काय केलं? पोलिसांच्या गाडीमागं गाडी घेऊन फिरले. कुणाला थांबवलं की ठरावीक अंतरावर उभे राहायचे आणि कायद्याचं पुस्तक मोठ्यानं वाचायचे. त्यांच्याकडं बंदुकाही होत्या, त्यांच्या राज्यात तेव्हा ते चालत होतं. आपल्याला बंदूक नको. पुस्तक पुरे.

काय वाचायचं? साधं आहे. अटक केली तर अटकेचा कागद, त्यावर तारीख, वेळ, साक्षीदार. १९९६ च्या निकालापासून हे बंधनकारक. नातेवाइकाला खबर. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं. अपवादाचं कारण आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी असल्याशिवाय बाईला सूर्यास्तानंतर, सूर्योदयाआधी अटक नाही. आणि २०२५ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्राच्याच एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अटकेची कारणं लेखी द्या, आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्या. समजेल अशा भाषेत! ही ओळ घेऊन ठाण्यात जा.

पुढची कामं सांगतो. प्रत्येक तालुक्यात, वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट, समुद्रपूर, आठही ठिकाणी, एक वही ठेवा. कुणाला थांबवलं, कुठं, किती वाजता, काय विचारलं, काय कारण सांगितलं. सही घ्या, अंगठा घ्या. ठाण्याकडं आपलं रजिस्टर आहे, आता आपल्याकडं ठाण्याचं रजिस्टर असू द्या. सहा महिन्यांनी त्या वह्या एकत्र करू, मग बघू संशयाला जात आहे की नाही. दुसरं, बेड्यावरच्या पोरांच्या जन्मनोंदी. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्याला शाळेपासून मतदार यादीपर्यंत जन्माचाच दाखला लागणार आहे. बाळंतीण घरी झाली तर एकवीस दिवसांत ग्रामपंचायतीत नोंद झाली पाहिजे. हे भाषणाचं काम नाही, पायपिटीचं आहे. सायकल काढा.

आणि तिसरं, ती नवी कोतवालकी. आज तुमच्या मोबाईलवर निरोप येतो, गावात अनोळखी माणूस दिसला तर कळवा. भांडी विकणारा, कुल्फी विकणारा, बांधकामावरचा बंगाली, पाल ठोकणारा भटका, त्याचा फोटो टाका. पोलिसांचा मित्र व्हा. छाती फुगते, नाही का? साहेबाच्या गटात आपलं नाव. मित्रांनो, आपल्या आज्याच्या हातात अशीच काठी दिली होती. काठीवर पितळी कडी होती, अंगावर पट्टा होता, आणि रात्री झोपायची जागा गावकुसाबाहेरच होती. काठीनं त्याला गावात घेतलं नाही.

तुमच्या गावात उद्या कुणी अनोळखी आला तर त्याला विचारा, जेवलास का, पाणी पाहिजे का, कुणी त्रास देतंय का. त्याचा कागद मागायचा अधिकार तुम्हाला कायद्यानं दिलेला नाही. तो मागू नका. आणि दुसरा कुणी मागत असेल तर त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा, वही काढा, वेळ लिहा.

जयभीम.